प्रवेशांची संख्या ०१ : साउथॅम्प्टनहून निघणाऱ्या एका क्रूझचे प्रकरण

जुलै २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात रेडिंगमधल्या एका मराठी घरी जेवणाच्या टेबलावर पाच पासपोर्ट ओळीने मांडलेले होते. क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवाशांची माहिती भरायची होती, आणि ती बिनचूक जावी म्हणून त्यांनी मला बोलावले होते. दक्षिण इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांना प्रवासाच्या कागदपत्रांत मदत करण्याचे काम मी बरीच वर्षे करते, त्यामुळे पासपोर्ट हातात आला की माझी नजर आधी व्हिसाच्या पानावर जाते. साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या काकांच्या पासपोर्टवर स्पेनने दिलेला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा व्हिसा, होता. तारखा बरोबर होत्या, नाव बरोबर होते, आणि प्रवेशांच्या संख्येच्या रकान्यात ‘०१’ छापलेले होते. काकूंच्या पासपोर्टवरही तेच. बोट १७ ऑगस्टला सुटणार होती, म्हणजे हातात अडतीस दिवस होते, आणि त्या दोन आकड्यांमुळे काका-काकूंना त्या बोटीवर पाऊल ठेवता येणार नव्हते.

हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने, त्यांची ओळख पटेल असा तपशील वगळून, मी इथे सविस्तर मांडत आहे. भारतातून आई-वडील उन्हाळ्यात इंग्लंडला येतात, त्यांना विमानतळांची दगदग नको म्हणून मुले साउथॅम्प्टनहून निघणारी क्रूझ ठरवतात, आणि ‘इथूनच निघायचे, इथेच परत यायचे’ या वाक्यावर सगळे निश्चिंत होतात. असे निश्चिंत झालेले कुटुंब मला दरवर्षी भेटते. या कुटुंबाची चूक वेळेत लक्षात आली म्हणून निस्तरता आली.

नऊ रात्रींच्या त्या सहलीचा क्रम असा होता : साउथॅम्प्टन, एक दिवस समुद्रात, मग ला कोरुन्या, लिस्बन, कादिझ, जिब्राल्टर, पुन्हा एक दिवस समुद्रात, विगो, आणि तिथून परत साउथॅम्प्टन. पाच बंदरांपैकी तीन स्पेनची आणि एक पोर्तुगालचे. हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. जिब्राल्टर मात्र १७१३च्या उट्रेख्टच्या तहापासून ब्रिटनकडे आहे, आणि ब्रिटनप्रमाणेच तेही तेव्हा शेंगेनच्या बाहेर होते. कादिझहून निघालेली बोट सकाळी जिब्राल्टरच्या धक्क्याला लागते, तेव्हा भारतीय पासपोर्टवरचा प्रवासी कायद्याच्या हिशेबाने शेंगेनमधून बाहेर पडलेला असतो, आणि दोन दिवसांनी विगोला पोचतो तेव्हा तो नव्याने आत येत असतो. एका प्रवेशाचा व्हिसा ला कोरुन्यालाच वापरला गेलेला असतो. नकाशावर जिब्राल्टर स्पेनच्या टोकाला चिकटलेले दिसते म्हणून माणूस फसतो. बोटीवरच्या माणसाला तर ही सरहद्द दिसतही नाही, कारण रात्री झोपताना एक देश असतो आणि सकाळी पडदा सरकवला की दुसरा.

विगोला खाली न उतरता केबिनमध्येच बसून राहू, असे काका म्हणाले. प्रश्न रास्त होता, आणि जवळजवळ प्रत्येक जण तो विचारतो. परंतु या कंपनीच्या अटींत, बहुतेक कंपन्यांच्या अटींत असते त्याप्रमाणे, मार्गातल्या प्रत्येक देशासाठी लागणारी कागदपत्रे प्रत्येक प्रवाशाकडे असलीच पाहिजेत, मग तो उतरो अथवा न उतरो, असे स्पष्ट लिहिलेले होते. ही तपासणी विगोला होत नाही, ती साउथॅम्प्टनच्या टर्मिनलवर, सामान हमालांच्या स्वाधीन करून झाल्यावर, चेक-इनच्या खिडकीवर होते. तिथला कर्मचारी सरकारी अधिकारी नसतो, पण त्याने पासपोर्ट परत सरकवला तर प्रवास तिथेच संपतो, आणि कागदपत्रे अपुरी म्हणून नाकारलेल्या प्रवाशाला भाड्याचा परतावा मिळत नाही.

चूक कुठे झाली, हे शोधण्यासाठी आम्ही अर्जाची प्रत पाहिली. बुकिंग जानेवारीत झाले होते. काका-काकूंनी एप्रिलमध्ये मुंबईत अर्ज केला होता. पाच बंदरांत सर्वाधिक मुक्काम स्पेनमध्ये असल्यामुळे अर्ज स्पेनकडे जायला हवा होता आणि तो बरोबर तिथेच गेला होता. तीस हजार युरोंच्या किमान रकमेचा विमाही जोडलेला होता. अर्जात ‘किती प्रवेश हवेत’ असा एक प्रश्न असतो आणि त्यापुढे एक, दोन, अनेक असे पर्याय असतात. अर्ज भरणाऱ्या एजंटने ‘एक’ या पर्यायावर खूण केली होती. त्याला फोन केला तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काका बोटीत एकदाच चढणार आणि एकदाच उतरणार, म्हणून मी एकच लिहिले.” सोबत जोडलेल्या मार्गाच्या पानावर जिब्राल्टर हे नाव स्वच्छ छापलेले होते. मुलाने ते पाहिले होते, एजंटने पाहिले होते, काकांनी तर त्या पानाची झेरॉक्स स्वतः काढली होती. ते सर्वांनी सहलीचे एक ठिकाण म्हणून वाचले, सरहद्द म्हणून कोणीच वाचले नाही.

एकाच कुटुंबात तीन तऱ्हेची कागदपत्रे होती, आणि घोटाळा वाढण्याचे ते मोठे कारण होते. नऊ वर्षांच्या नातवाकडे ब्रिटिश पासपोर्ट, त्यामुळे त्याला व्हिसाच नको. मुलगा आणि सूनबाई भारतीय पासपोर्टवर, पण ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा हक्क असलेले. त्यांनी लंडनमध्ये अर्ज केला होता आणि त्यांना अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळाला होता. आपल्याला मिळाला म्हणजे आई-बाबांनाही तसाच मिळाला असेल, असे मुलाने गृहीत धरले आणि मे महिन्यात साताऱ्याहून व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतल्या तारखा तेवढ्या पाहिल्या. त्याला मी दोष देत नाही. दिवसभर काम करून रात्री अकरा वाजता आई-वडिलांच्या प्रवासाची तयारी करणारी ही पिढी आहे, आणि व्हिसाच्या स्टिकरवरचा सर्वांत लहान रकाना सर्वांत महत्त्वाचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता पर्याय पाहायचे होते. पहिला विचार अर्थातच नव्या व्हिसाचा झाला. शेंगेनचा नियम असा की अर्ज आपण जिथे कायदेशीररीत्या राहतो त्या देशातून करायचा. काका-काकू ब्रिटनमध्ये सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी पाहुणे म्हणून आले होते, ते इथले रहिवासी नव्हेत. इथूनच अर्ज का करावा लागतो याचे समर्थन पटले तर अपवाद करता येतो, अशी तरतूद नियमात आहे खरी, पण चुकीच्या रकान्यात केलेली खूण हे तसे कारण ठरेल असे मला वाटत नव्हते. शिवाय निर्णयाला साधारण पंधरा दिवस आणि वेळप्रसंगी पंचेचाळीस दिवस लागू शकतात, त्या काळात पासपोर्ट वकिलातीत अडकून राहतो, आणि अर्जाची वेळ मिळण्यात जातील ते दिवस वेगळेच. त्यासाठी साताऱ्याला परत जाऊन येणे, एकाहत्तर वर्षांच्या काकांना आणि गुडघ्यांनी हैराण असलेल्या काकूंना, कोणीच सुचवले नाही.

दुसरा पर्याय सूनबाईंनी काढला, आणि तो हुशारीचा होता. कादिझपर्यंतचा एक प्रवेश वापरायचा, जिब्राल्टरला दोघांनी कायमचे उतरायचे आणि तिथून विमानाने लंडनला परतायचे. कागदावर हे बसत होते, कारण ब्रिटनचा व्हिसा अनेक प्रवेशांचा होता. परंतु मध्येच बोट सोडण्यासाठी कंपनीची लेखी संमती लागते, जिब्राल्टरमध्ये प्रवेशाचे नियम ब्रिटनच्या नियमांहून स्वतंत्र असतात, आणि काकूंना व्हीलचेअरवरून विमानतळावर नेणारे काका स्वतः इन्सुलिनवर आहेत. विमानतळांची दगदग टाळण्यासाठी ठरवलेल्या सहलीत त्यांना एका अनोळखी विमानतळावर एकटे सोडण्यात अर्थ नव्हता.

राहिला रद्द करण्याचा मार्ग. करारातल्या तक्त्याप्रमाणे या टप्प्यावर रद्द केले असते तर दोन्ही केबिनच्या भाड्यातली अर्ध्याहून अधिक रक्कम बुडाली असती. प्रवास विम्याकडे बोट दाखवण्याची सोय नव्हती, कारण व्हिसा चुकीचा निघणे हे रद्द करण्याचे मान्य कारण त्या पॉलिसीत नव्हते. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या पंचाहत्तराव्या कलमाचा आधार पुष्कळ जण घेऊ पाहतात. पण ते कलम विक्रेत्याने करार मोडला किंवा चुकीची माहिती दिली तर कामी येते. इथे कंपनीने काही मोडले नव्हते. पासपोर्ट आणि व्हिसाविषयी सर्वसाधारण माहिती देणे पॅकेज सहल विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि ‘ब्रिटिश नागरिक नसलेल्यांनी सर्व बंदरांसाठीच्या व्हिसाची खात्री स्वतः करावी, शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा’ असे वाक्य बुकिंगच्या कागदात सहाव्या पानावर होते. ते मी मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा मुलगा काही बोलला नाही. त्याने उठून चहाचे कप आत नेऊन ठेवले.

ज्या तरतुदीने हे प्रकरण सुटले, ती फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या पॅकेज सहलींच्या नियमांनुसार प्रवाशाला आपली सहल दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करता येते. ती व्यक्ती सहलीच्या अटी पूर्ण करणारी हवी, आणि निघण्याच्या किमान सात दिवस आधी सूचना दिलेली हवी. त्यासाठी कंपनीला खरोखर येणारा खर्च तेवढा ती घेऊ शकते, त्याहून जास्त नाही. बोटीचा प्रवास आणि बोटीवरचा मुक्काम एकत्र विकला जातो, त्यामुळे विमान नसलेली क्रूझही पॅकेजच ठरते. फोनवरच्या कर्मचाऱ्याने पहिल्यांदा ‘सगळी नावे बदलता येत नाहीत, रद्द करून नवे बुकिंग करा’ असे सांगितले. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा लिहिणे बरे. नियमाचा उल्लेख करून, दोन्ही केबिनचे क्रमांक देऊन मी एक साधे पत्र तयार केले, मुलाने ते पाठवले, आणि चौथ्या दिवशी होकार आला.

ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीतल्या केबिनला गिऱ्हाईक मिळणे अवघड नव्हते, कारण जानेवारीत ठरलेल्या भाड्यापेक्षा जुलैतले भाडे चढलेले होते. मोठी केबिन मुलाच्या कार्यालयातल्या एका तीन जणांच्या कुटुंबाने घेतली. दुसरी आमच्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याने घेतली, दोघेही सत्तरीच्या आसपासचे आणि चाळीस वर्षे इंग्लंडमध्ये राहिलेले. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते, त्यामुळे आता काही प्रश्न नाही असे सर्वांनी म्हटले, तरी मी पासपोर्ट पाहायला मागितले. त्या गृहस्थांच्या पासपोर्टची मुदत फेब्रुवारी २०२५पर्यंत होती, परंतु तो दिला गेला होता जुलै २०१४मध्ये. सप्टेंबर २०१८च्या आधी नूतनीकरण करताना जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवून देत, त्यामुळे दहा वर्षांहून जास्त मुदतीचे असे पासपोर्ट त्या वर्षीही वापरात होते. युरोपीय संघाचा नियम मात्र प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला असावा असा आहे. ला कोरुन्याच्या दिवशी त्यांचा पासपोर्ट निरुपयोगी ठरला असता. आठवडाभरात पासपोर्ट देणाऱ्या जलद सेवेने त्यांनी नवा काढला. सबंध प्रकरणात मला सर्वांत जास्त समाधान या गोष्टीचे वाटते, कारण या गृहस्थांना मदत हवी आहे हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते.

आता काका-काकूंच्या सहलीचे काय, हा प्रश्न होता. ‘आमच्यामुळे पोराची सुट्टी गेली’ हे काकूंच्या मनातून जात नव्हते. हातात एका प्रवेशाचा स्पेनचा व्हिसा होता, तोच घेऊन नॉर्वेची क्रूझ करावी असे कोणीतरी सुचवले. व्हिसा ज्या देशाच्या प्रवासासाठी मागितला तो देश सोडून पूर्णपणे दुसरीकडे जायचे, हे तपासणीच्या वेळी प्रश्न निर्माण करते, आणि पुढच्या वेळी व्हिसा मागताना आडवे येऊ शकते. मी स्पष्ट नको म्हणाले.

मग ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती जाणाऱ्या बोटींकडे आम्ही वळलो. शेंगेनची भानगड तिथे नाही, परंतु अशा बहुतेक बोटी आयर्लंडच्या एखाद्या बंदराला लागतात, आणि आयर्लंड हा वेगळा देश आहे हे ‘ब्रिटिश बेटे’ या नावाखाली सहल विकत घेताना विसरले जाते. भारतीय पासपोर्टला आयर्लंडसाठी व्हिसा लागतो. इथे काकांचे नशीब चांगले निघाले. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात भारतीय प्रवाशांसाठी एक संयुक्त योजना आहे, आणि ती लागू असेल तर ब्रिटनच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) अशी चार इंग्रजी अक्षरे तेव्हा छापलेली असत. ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी प्रवेश केलेला असला, की त्याच व्हिसावर दुसऱ्या देशातही जाता येते. दोघांच्याही व्हिसावर ती अक्षरे होती. ती कशासाठी आहेत हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

साउथॅम्प्टन, कोव्ह, बेलफास्ट, ग्रीनॉक, कर्कवॉल, साउथ क्वीन्सफेरी आणि परत साउथॅम्प्टन अशी नऊ रात्रींची बोट सप्टेंबरमध्ये मिळाली. तारखेसाठी मात्र बरीच ओढाताण झाली. ऑगस्टअखेर परवडण्याजोगी केबिन उरली नव्हती. सप्टेंबरमध्ये नातवाची शाळा सुरू होणार होती, आणि इंग्लंडमध्ये शाळा चालू असताना विनापरवानगी पाच दिवस गैरहजर राहिले की दंडाचा विचार होतो. त्याच ऑगस्टपासून तो प्रत्येक पालकामागे ८० पौंड आणि एकवीस दिवसांत न भरल्यास १६० पौंड झाला होता. पैशांपेक्षाही, वर्षाचा आरंभ चुकवायचा नाही, असे सूनबाईंचे म्हणणे होते आणि ते मला पटले. गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती, त्यामागून गौरी. काकूंनी गौरी-गणपती सोडून जाण्यास साफ नकार दिला. पितृपक्षात काकांच्या मातोश्रींची अविधवा नवमी होती, तिच्या आत परतायला हवे होते. या सगळ्यातून १४ सप्टेंबर, शनिवार ही तारीख उरली. मुलगा आणि आई-वडील असे तिघे जातील, सूनबाई आणि नातू घरी राहतील, असे ठरले. नातवाने हे मुकाट्याने ऐकून घेतले आणि आजोबांच्या फोनमध्ये फोटो काढायला जागा आहे का, ते तपासू लागला.

विम्याचे काम मी लगेच हाती घेतले. ब्रिटनमधल्या प्रवास विमा कंपन्या साधारणपणे इथल्या रहिवाशांनाच पॉलिसी देतात. पाहुण्यांनी ती भारतातून निघतानाच घेतलेली बरी. काकांची पॉलिसी ब्रिटन आणि युरोपसाठी होती, पण बोटीवरचा उपचार आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर आणण्याचा खर्च तिच्यात धरला आहे की नाही, हे त्या मजकुरावरून कळत नव्हते. कंपनीला ईमेल करून, जादा हप्ता भरून, दोन्ही गोष्टींचा लेखी समावेश करून घेतला. हे आवश्यक होते, कारण बोटीवरचा दवाखाना खासगी असतो. बोट ब्रिटनच्या बंदरात उभी असली तरी तिथे इथली सरकारी आरोग्यसेवा लागू होत नाही. किनाऱ्यावर उतरवले तरी पाहुण्यांना तातडीच्या विभागातली तपासणी मोफत असते, पण रुग्णालयात दाखल केले की बिल येते, आणि ते सरकारी दराच्या दीडपट असते.

व्हीलचेअरचीही सूचना वेळेत द्यावी लागते; नियमाने किमान ४८ तास आधी, परंतु खरे तर बुकिंगच्या वेळीच दिली पाहिजे, कारण रुंद दाराच्या केबिन मोजक्या असतात. टर्मिनलपासून बोटीच्या दारापर्यंत माणूस मदत करतो. पुढे बोटीवर आणि किनाऱ्यावर आपले आपण. साउथ क्वीन्सफेरीला मोठी बोट धक्क्याला लागत नाही, ती फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना टेंडर म्हणजे छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. लाटेवर वरखाली होणाऱ्या होडीत पाय टाकताना दोन्ही गुडघ्यांवर भरवसा हवा. काकूंनी तिथे उतरायचे नाही, हे घरीच ठरले, म्हणजे ऐन वेळी आग्रह आणि रुसवे व्हायला नकोत.

निघण्याच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर साउथॅम्प्टनला गेले होते. या बंदरात क्रूझची पाच टर्मिनल आहेत आणि ती एका ठिकाणी नाहीत. पूर्वेकडच्या गोदीतली आणि पश्चिमेकडच्या गोदीतली यांची फाटके वेगळी, त्यामुळे टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझ टर्मिनल’ सांगून भागत नाही. हमालाने बॅगा उचलण्याआधी मी काकांना इन्सुलिनची पिशवी कुठे आहे ते विचारले. ती मोठ्या बॅगेत होती. ती बॅग केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत आली नसती, आणि मधल्या वेळात जेवण होणार होते. धक्क्यावरच बॅग उघडली, साड्यांच्या घडीतून स्टीलचा डबा काढला, त्यातून पेन, सुया आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र बाहेर काढून काकांच्या खांद्यावरच्या पिशवीत घातले. खिडकीवरच्या मुलीने ब्रिटनचा व्हिसा पाहिला, आयर्लंडची चार अक्षरे पाहिली, मान हलवली. तेवढ्या वेळात काकूंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. सूनबाई आणि नातू टाउन की या धक्क्यावर जाऊन उभे राहिले आणि बोट समोरून सरकली तेव्हा वरच्या डेकवर काकूंचा पिवळा स्वेटर त्यांना ओळखू आला.

पुढचे मला मुलाने सांगितले. पहिल्या रात्री काकूंना बोट लागली. औषध आधीच घ्यायचे असते, ते त्यांनी उलटी झाल्यावर घेतले. जेवणाच्या दालनात त्यांच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्याचा, मडगावजवळचा निघाला. ब्रिटिश बोटींवर गोव्याचे तारवटी पिढ्यानपिढ्या काम करत आले आहेत, आणि त्याचे आजोबाही बोटीवरच होते. दुसऱ्या दिवशी त्याने कोणी न सांगता काकूंपुढे साधा वरणभात आणून ठेवला. काकू त्याला ‘बाळ’ म्हणत, तो त्यांना ‘आजी’ म्हणे, आणि मराठी-कोंकणीत दोघांचे चालू असे.

कर्कवॉलला बाराव्या शतकातले सेंट मॅग्नसचे चर्च पाहण्यात दुपारच्या जेवणाची वेळ टळली आणि परतीच्या बसमध्ये काकांना दरदरून घाम फुटला. साखर फार खाली गेली होती. मुलाच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या होत्या, त्यांनी वेळ निभावली, तरी बोटीवरच्या डॉक्टरने तासभर ठेवून घेतले आणि केबिनच्या खात्यावर तीन आकडी पौंडांचे बिल चढवले. मुलाने तिथल्या तिथे निदानाचा कागद, बिल आणि पैसे भरल्याची पावती अशी तिन्ही कागदपत्रे सही-शिक्क्यानिशी मागून घेतली. विमा कंपनीने दावा मंजूर केला, कारण बोटीचा समावेश लेखी होता.

साउथ क्वीन्सफेरीच्या सकाळी काका आणि मुलगा टेंडरमधून एडिंबरोला गेले. काकू खुर्ची घेऊन डेकवर बसल्या. समोर फर्थवरचे तीन पूल एकाशेजारी एक दिसतात : १८९०चा लाल पोलादी रेल्वेचा, १९६४चा झुलता रस्त्याचा, आणि २०१७चा पांढऱ्या तारांचा. मडगावच्या मुलाने त्यांना चहा आणून दिला आणि त्या तीन तासांत रेल्वेच्या पुलावरून किती आगगाड्या गेल्या, ते मोजून काकूंनी नातवासाठी कागदावर लिहून ठेवले. सत्तावीस.

२३ सप्टेंबरला पहाटे बोट साउथॅम्प्टनला लागली. इमिग्रेशनच्या खिडकीवर काकांना किती दिवस राहणार, परत कधी जाणार, एवढेच विचारले, आणि परतीच्या विमानाच्या तिकिटाची प्रत त्यांच्या पिशवीत वरच होती. नवमीचा स्वयंपाक काकूंनी वेळेवर केला. स्पेनचा तो एका प्रवेशाचा व्हिसा न वापरताच संपला. पुढे जून २०२५मध्ये जिब्राल्टरच्या सरहद्दीविषयी ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात समझोता झाला, त्यामुळे त्या बंदराची स्थिती आता बुकिंगच्या वेळी नव्याने पाहावी लागते. परंतु आइसलँड शेंगेनमध्ये आणि फेरो बेटे बाहेर, हे उत्तरेकडच्या बोटींवर आजही तितकेच खरे आहे. या जानेवारीत त्याच मुलाचा फोन आला. त्याने मार्ग वाचून दाखवला, प्रत्येक बंदरापुढे ‘आत’ की ‘बाहेर’ हे स्वतःच लिहिले होते, आणि पैसे अजून भरले नव्हते.